क्रूझवरचा पलंग किती उंच? व्हीलचेअरवाल्या केबिनचं बुकिंग करण्यापूर्वी घ्यायची मापं

क्रूझचं बुकिंग करताना मंडळी बाल्कनी आहे का, जैन जेवण मिळेल का, वायफायचे वेगळे पैसे पडतात का, असं सगळं खोदून खोदून विचारतात. घरात कोणी व्हीलचेअरवर असेल तर त्यात दोन प्रश्नांची भर पडते: केबिनचं दार पुरेसं रुंद आहे का, आणि बाथरूममध्ये खुर्ची जाते का. प्रश्न योग्यच आहेत, आणि त्यांची उत्तरं मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बहुतेक वेळा दिलेलीही असतात. दार ३२ इंच, खुर्ची वळवायला पाच फुटांची जागा, बिनउंबऱ्याचा शॉवर, घडीची बसकी, हाताच्या उंचीवर कपड्यांचा दांडा. या यादीत पलंगाची उंची मात्र सहसा सापडत नाही. खरं तर केबिनमध्ये माणूस सगळ्यात जास्त वेळ पलंगावर असतो. रोज निदान दोनदा, आणि रात्री लघवीला उठावं लागत असेल तर चार-पाच वेळा, खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत जाणं होतंच.

हल्ली मुलांकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा उन्हाळ्यात सिअ‍ॅटलहून अलास्काची किंवा मायामीकडून कॅरिबियनची क्रूझ करतात. इथून जाणारे ग्रुप सिंगापूरची तीन-चार रात्रींची सफर करतात. गुडघे गेलेले, अर्धांगवायूतून सावरलेले, पाठीच्या कण्याला इजा झालेले, असे सगळेच यात असतात. खाली जे लिहिलंय ते प्रामुख्याने अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांबद्दल आहे. मोजमापाचा भाग मात्र कुठल्याही जहाजाला, आणि हॉटेललाही, तसाच लागू पडतो.

पलंग एवढा उंच का असतो

केबिनमध्ये बॅगा ठेवायला जागा नसते, म्हणून पलंगाखाली मोठी सूटकेस आडवी सरकेल एवढी पोकळी मुद्दाम सोडतात. त्यावर चौकट, त्यावर जाड स्प्रिंगची गादी, आणि अलीकडे झोप चांगली लागावी म्हणून तिच्यावर दोन-तीन इंचांचा मऊ टॉपर. सगळं मिळून जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत दोन फूट, कधी त्याहूनही जास्त, उंची होते. धडधाकट माणसाला हे जाणवत नाही. उलट उंच पलंगावर बसणं-उठणं त्याला सोयीचंच वाटतं.

आता आपल्या बाजूचा हिशेब बघा. प्रौढांच्या साध्या घडीच्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून १९॥ ते २०॥ इंचांवर असते. बुटक्या माणसांसाठी किंवा पायाने खुर्ची ढकलणाऱ्यांसाठी साडेसतरा इंचांच्या आसपासची खालची बैठकही मिळते. वर कुशन घातलं की दोनेक इंच वाढतात, पण माणूस बसला की त्यातला बराच भाग दबतो. म्हणजे खुर्ची २० ते २१ इंचांवर आणि पलंग २४-२५ इंचांवर. कागदावर हा फरक चार बोटांचा वाटतो. पण पायात ताकद नसलेल्या माणसाला अख्खं शरीर खांद्यांच्या जोरावर तेवढं उचलावं लागतं, तेही डोलणाऱ्या जमिनीवर.

खांद्याचा विषय हलका घेऊ नका. वर्षानुवर्षं व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे खांदे झिजतात, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. मेरुरज्जूला इजा झालेल्यांच्या हात-खांद्यांची काळजी कशी घ्यावी, याबद्दल अमेरिकेत २००५ साली तज्ज्ञांच्या गटाने मार्गदर्शक सूचना काढल्या. शक्य असेल तेव्हा दोन्ही जागा समान उंचीवर ठेवूनच सरकावं, असं त्यांत स्पष्ट सांगितलंय. सात रात्रींच्या क्रूझवर रोज चढावर सरकत राहिलात तर परतल्यावर सुट्टीची किंमत खांदा वसूल करतो.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

अमेरिकी कंपनीला उंची विचारलीत की हमखास एक उत्तर येतं: 'आमच्या केबिन एडीएप्रमाणे आहेत.' एडीए म्हणजे अपंगांच्या हक्कांचा तिथला १९९० चा कायदा. परदेशी झेंड्याखालच्या क्रूझ जहाजांनाही तो अमेरिकी पाण्यात लागू होतो, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००५ मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या खटल्यात दिला. ही मोठी गोष्ट होती, कारण बहुतेक क्रूझ जहाजं बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात.

पण याच कायद्याखालच्या २०१० च्या मानकांत संडासाच्या सीटची उंची १७ ते १९ इंच ठरलेली आहे, शॉवरमधल्या बसकीची ठरलेली आहे, पलंगाशेजारी ३० बाय ४८ इंचांची मोकळी जागा हवी हेही लिहिलेलं आहे. पलंगाच्या उंचीचा आकडा मात्र त्यात नाही. हॉटेलांतले पलंग आणि इतर सामानासाठी नियम करण्याचा विचार तिथल्या न्याय खात्याने २०१० मध्ये सुरू केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. गंमत म्हणजे दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलासाठी नियम झाला: ते १७ इंचांपर्यंत खाली आलं पाहिजे. म्हणजे डॉक्टरांकडे दहा मिनिटं पडायचं तर उंची ठरलेली, आणि जहाजावर आठवडाभर झोपायचं तर आपलं आपण बघा.

तेव्हा 'एडीएप्रमाणे' हे उत्तर खोटं नसतं, फक्त ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतं. नम्रपणे परत विचारायचं: 'जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत किती इंच?'

युरोपच्या बंदरातून चढणार असाल तर तिथे सागरी प्रवाशांच्या हक्कांचा २०१० चा ११७७ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार निवासाबद्दलची विशेष गरज बुकिंगच्या वेळीच कळवायची असते. उंचीचा आकडा त्यातही नाही. पण आपण लेखी कळवलेलं असेल तर पुढे बोलायला जागा राहते.

पहिलं काम: घरच्या घरी मापं

शिंप्याची टेप चालेल, पण सुताराची स्टीलची टेप जास्त बरी, ती सरळ उभी राहते. मापं इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये, दोन्हींत लिहून ठेवा. अमेरिकी कंपन्या इंचांत बोलतात, युरोपातल्या सेंटिमीटरमध्ये.

खुर्ची मोजताना ज्यांची आहे त्यांना त्यात बसवा, नेहमीचं कुशन घाला, चाकांत नेहमीएवढी हवा भरा. जमिनीपासून मांडीच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा, बैठकीच्या पुढच्या कडेला आणि मागेही. बऱ्याच खुर्च्यांची बैठक मागे कललेली असते आणि पुढची कड इंच-दोन इंच उंच असते. पलंगावर सरकताना माणूस आधी पुढे येऊन बसतो, त्यामुळे पुढच्या कडेचं माप उपयोगाचं.

मग घरचा पलंग, ज्यावर रोज विनातक्रार चढणं-उतरणं होतं तो. याची दोन मापं घ्या. एक रिकाम्या गादीचं, दुसरं कडेवर माणूस बसल्यावर दबलेल्या गादीचं. आपल्याकडची कापसाची किंवा कॉयरची गादी कडेला फारशी दबत नाही. जहाजावरची मऊ टॉपरची गादी दोन ते चार इंच खाली जाऊ शकते. हे वरवर सोयीचं वाटतं, पण त्यात गोम आहे. सरकून येताना गादीचा न दबलेला माथा पार करावा लागतो, आणि उठताना दबलेल्या खड्ड्यातून वर यावं लागतं. मऊ गादीवर दोन्हीकडून चढच लागतो.

तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी घेत नाही: जास्तीत जास्त किती उंची जमते. यासाठी पलंगावर आणखी एक गादी टाका, किंवा घडी घातलेल्या सतरंज्या आणि चादरी रचा. दोन इंच वाढवून सरकून बघा, मग आणखी दोन. आधाराला माणूस उभा ठेवा, आणि शक्य असेल तर हे फिजिओथेरपिस्टसमोर करा. सकाळी ताजंतवानं असताना जमलं म्हणून रात्री दमल्यावर जमेलच असं नाही, म्हणून एकदा रात्री जेवणानंतरही बघा. जिथे धाप लागते, हात थरथरतात, किंवा आधार देणाऱ्याला ओढावं लागतं, ती तुमची मर्यादा. त्याच्या इंचभर खालचा आकडा कागदावर लिहा. यापुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका आकड्यावर चालतो.

कोणाला किती उंची हवी

हे माणसाच्या हालचालीवर ठरतं, खुर्चीवर नाही.

पाय जमिनीवर टेकवून, उभं राहून, वळून बसणारे: यात आपल्याकडचे बहुतेक ज्येष्ठ आले, संधिवातवाले, अर्धांगवायूनंतर एका बाजूने चालणारे. यांना पलंग थोडा उंच असलेला सोयीचा, कारण खाली बसलेल्या गुडघ्यांना उठवणं कठीण जातं. पण 'थोडा'ला मर्यादा आहे. पाच फूट उंचीच्या बाईंच्या गुडघ्यामागची उंची १५ इंचांच्या आसपास असते. त्यांना १८-१९ इंचांचा पलंग छान. २५ इंचांच्या पलंगावर त्या जेमतेम टेकतात, पाय लोंबकळतात, मागे सरकता येत नाही, आणि गुळगुळीत चादरीवरून पुढे घसरण्याची भीती. अमेरिकी केबिन अमेरिकी उंचीच्या माणसांना धरून बांधलेल्या असतात. आपल्या आयांची आणि आज्यांची अडचण तिथेच होते. खुर्ची फक्त लांबच्या अंतराला वापरतात म्हणून घरचे हा प्रश्न विचारातच घेत नाहीत, आणि पलंगाच्या उंचीचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो यांनाच.

हातांच्या जोरावर किंवा ट्रान्सफर बोर्डवरून (खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये टाकायची गुळगुळीत फळी) सरकणारे: यांना दोन्ही जागा शक्य तितक्या समपातळीत हव्यात. उतारावर बोर्ड चांगला चालतो, पण उतार फार झाला तर घसरगुंडी होते. चढावर तो जवळजवळ निकामी. एक लक्षात घ्या, पलंगावर जाताना जो उतार आहे तोच परत येताना चढ आहे. म्हणून 'कमी उंची म्हणजे चांगलं' असंही नाही.

पेशंट लिफ्टने (माणसाला झोळीत उचलणारं चाकांचं यंत्र) उचलून ठेवावं लागणारे: इथे उंचीपेक्षा पलंगाखालची पोकळी महत्त्वाची. लिफ्टचे दोन आडवे पाय पलंगाखाली जावे लागतात. नेहमीच्या लिफ्टला साडेचार इंच लागतात, म्हणून पाच-सहा इंच मोकळे असलेले बरे, आणि ते आत दोन-तीन फुटांपर्यंत. क्रूझच्या पलंगाखाली ही जागा बहुधा असते, ज्या सूटकेसपायी पलंग उंच झाला तिचाच इथे फायदा. फक्त दोन गोष्टी तपासा. मधोमध आधाराचा पाय किंवा खोकं आहे का, आणि घडीची प्रवासी लिफ्ट असेल तर ती २५ इंचांच्या गादीवर माणसाला अलगद ठेवण्याइतकी वर जाते का.

केबिनचा प्रकार बघून घ्या

सगळ्या व्हीलचेअर केबिन सारख्या नसतात. जुलै २०१५ मध्ये अमेरिकी न्याय खातं आणि कार्निव्हल कॉर्पोरेशन यांच्यात समझोता झाला. कार्निव्हल, हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या तिन्ही त्याच समूहाच्या. त्यात ठरलं की केबिनपैकी तीन टक्के केबिन या सोयीच्या असतील आणि त्यांचे तीन प्रकार असतील: पूर्ण सोयीची, पूर्ण सोयीची पण पलंगाच्या एकाच बाजूने खुर्ची जाणारी, आणि थोडंफार चालू शकणाऱ्यांसाठीची. दीड हजार केबिनच्या जहाजावर तीन टक्के म्हणजे पंचेचाळीस, त्याही वेगवेगळ्या दर्जांत विखुरलेल्या. अलास्काचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर, त्यामुळे या केबिन फार आधी जातात. आठ-दहा महिने आधी हालचाल केलेली बरी.

'एकाच बाजूने' हा मधला प्रकार नीट समजून घ्या. अर्धांगवायूचा माणूस नेहमी चांगल्या बाजूकडे सरकतो. समजा उजवी बाजू चांगली आहे. पलंगावर जाताना पलंग त्याच्या उजव्या हाताला हवा. आता तो पलंगाच्या कडेवर बसला की खुर्ची राहते त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे कमजोर बाजूला. परत येताना ती उचलून त्याच्या उजव्या हाताला आणून ठेवावी लागते. म्हणजे त्याच बाजूला उशाकडे आणि पायथ्याकडे, दोन्हीकडे खुर्ची उभी करण्याइतकी लांबी लागते. उशाशी टेबल ठोकलेलं असेल तर एकीकडची जागा गेलीच.

आणखी एक खोच. जहाजाच्या डाव्या आणि उजव्या अंगाच्या केबिन बऱ्याचदा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. संकेतस्थळावरच्या फोटोत मोकळी जागा पलंगाच्या उजवीकडे दिसली म्हणून तुमच्या केबिनमध्येही उजवीकडेच असेल असं धरू नका. केबिनचा क्रमांक सांगून विचारा.

कंपनीला काय लिहायचं

फोनवर विचारू नका, किंवा विचारलंत तरी मग ईमेल पाठवा. फोनवरच्या माणसाने ती केबिन पाहिलेली नसते. मोठ्या कंपन्यांत अपंग प्रवाशांसाठी वेगळा विभाग असतो आणि विशेष गरजांचा फॉर्म असतो. बुकिंग एजंटामार्फत असेल तर एजंटाला तोच ईमेल पुढे पाठवायला सांगा आणि आलेलं उत्तर मूळ स्वरूपात मागा. 'सगळं व्यवस्थित आहे म्हणाले' एवढ्यावर समाधान मानू नका.

ईमेलमध्ये आधी दोन ओळींत माणसाची हालचाल सांगा: उभं राहता येतं की नाही, बोर्ड वापरतात की लिफ्ट, खुर्चीची उंची किती, आणि जास्तीत जास्त किती उंचीचा पलंग जमतो. मग प्रश्न, नेमके आणि आकड्यात उत्तर द्यावं लागेल असे:

– अमुक क्रमांकाच्या केबिनमध्ये जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत किती इंच? टॉपर धरून की सोडून?
– टॉपर काढता येतो का? त्याची जाडी किती?
– पलंगाचे पाय बदलून उंची कमी करता येते का? किती इंच?
– पलंग पायांवर उभा आहे की बंद खोक्यावर? खाली मोकळी उंची किती?
– दोन वेगळे पलंग ठेवले आणि एकत्र जोडले, तर प्रत्येक बाजूला मोकळी जागा किती?
– पलंग जमिनीला पक्का आहे की सरकवता येतो?

'स्टँडर्ड हाइट' असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. परत लिहा, जहाजावरच्या हाऊसकीपिंगकडून टेप लावून माप मागवा, शक्य असेल तर टेप दिसेल असा फोटो. चिवटपणा करावा लागतो, पण मिळतं. पैसे परत मिळण्याची मुदत संपण्याआधी हे आटपा, आणि निदान दोन महिने आधी बदलाची विनंती लेखी मान्य करून घ्या. जहाज मधल्या काळात ड्रायडॉकला (दुरुस्तीच्या गोदीत) जाणार असेल तर तिथून परतल्यावर पुन्हा विचारा, कारण तिथे गाद्या आणि फर्निचर बदलतात. इंटरनेटवर कोणी तीन वर्षांपूर्वी दिलेलं माप त्या वेळच्या गादीचं असतं.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझसाठीही हेच प्रश्न विचारा. कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेलं जहाज आहे, त्या काळच्या केबिन आजच्यापेक्षा लहान असत. तेव्हा इथे उंचीइतकंच लक्ष बाजूच्या मोकळ्या जागेकडे द्या.

पलंग उंच निघाला तर

सगळ्यात सोपा उपाय टॉपर काढणं. दोन-तीन इंच लगेच कमी होतात आणि गादीची कडही कडक होते, सरकायला बरी. मात्र ज्यांना पाठीवर किंवा बसण्याच्या हाडांवर व्रण होण्याचा धोका आहे त्यांनी टॉपर काढण्याआधी विचार करावा. त्यांनी स्वतःचं हवेचं मॅट्रेस नेत असल्यास त्याची जाडी हिशेबात धरावी.

त्यानंतर पातळ गादी मागणं, आखूड पाय लावणं. हे ऐनवेळी होत नाही, आधी ठरवलेलं असावं लागतं. काही केबिनमध्ये सोफ्याचा पलंग होतो आणि तो बराच बुटका असतो. ज्येष्ठांना तो कधीकधी मुख्य पलंगापेक्षा सोयीचा पडतो, फक्त उघडल्यावर खुर्चीला वाट उरते का ते बघा.

दुसरी बाजू म्हणजे खुर्ची वर नेणं. बैठक वर-खाली होणारी इलेक्ट्रिक व्हीलचेअर असेल तर प्रश्नच मिटला. साध्या खुर्चीत जाड कुशन घालून उंची वाढवण्याचा मोह मात्र आवरा. माणसाचा तोल वर जातो, पाय फूटरेस्टवर नीट बसत नाहीत, हातटेके खाली पडतात. थेरपिस्टने बसवून पाहिल्याशिवाय हे करू नये.

पायाखाली पाट किंवा स्टूल घ्यावं का, असं हमखास विचारलं जातं. घरी चालतं, जहाजावर नको. लाटेसरशी स्टूल सरकलं की पडण्याची जागा पलंग आणि खुर्ची यांच्यामधली, आणि तिथे धरायला काही नसतं.

मधली पायरी करण्याची युक्ती मात्र चांगली आहे. खुर्ची २० इंच, पलंग २५, आणि मध्ये २२-२३ इंचांचं पक्कं, न हलणारं आसन मिळालं तर दोन छोटे चढ एका मोठ्या चढापेक्षा सोपे. यासाठी सरावाची गरज असते.

लिफ्ट भाड्याने मिळते. 'स्पेशल नीड्स ॲट सी' सारख्या कंपन्या अमेरिकेतल्या आणि इतर बऱ्याच बंदरांवर स्कूटर (बसून चालवायची अपंगांची बॅटरीची गाडी), व्हीलचेअर, ऑक्सिजन, पेशंट लिफ्ट थेट केबिनमध्ये पोचवतात. भारतातून अवजड लिफ्ट नेण्यापेक्षा हे सोपं. स्लिंग, म्हणजे लिफ्टची झोळी, मात्र स्वतःची, मापाची, सवयीची न्या. चार्जर अमेरिकी जहाजांवर ११० व्होल्टला चालतो का हे बघा, आणि घरची सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन वायर नेऊ नका, अनेक जहाजांवर ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

पलंग उलट फार बुटका निघाला तर मामला सोपा. उंची वाढवणारे ठोकळे जहाजावर मागून मिळू शकतात. त्यांचा तळ रुंद हवा आणि ते जहाजाच्या माणसांनीच बसवायला हवेत.

चढण्याच्या दिवशी

केबिन दुपारी एक-दीडच्या सुमाराला उघडतात. त्या वेळी बाकीचे प्रवासी बुफेकडे पळत असतात. तुम्ही आधी केबिनमध्ये जा, बॅगा उघडण्यापूर्वी टेप काढा. उंची, बाजूची जागा, खालची पोकळी. ईमेलचं प्रिंटआउट हातात ठेवा. फरक असेल तर केबिन अटेंडंटला सांगा आणि लगेच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरलाही सांगा. संध्याकाळी जहाज सुटल्यावर तेच काम चौपट अवघड होतं.

मग जहाज धक्क्याला असतानाच एकदा सरकून बघा. दोन सिंगल पलंग जोडून मोठा केलेला असेल तर हे फार गरजेचं, कारण हाताने जोर लावला की कडेचा पलंग बाजूला सरकतो आणि मध्ये फट पडते. अटेंडंटला पट्ट्याने दोन्ही घट्ट बांधायला सांगा. दोन वेगळे ठेवायचे असतील तर ज्यांची खुर्ची आहे त्यांचा पलंग भिंतीला टेकवून घ्या.

एक गोष्ट घरच्यांनी पक्की समजून घ्यावी: जहाजावरचे कर्मचारी प्रवाशाला उचलत नाहीत, पलंगावर बसवत नाहीत. ते माणुसकीने कितीही चांगले असले तरी कंपन्यांचा नियम तसा असतो. म्हणजे सोबतच्या माणसाला हे काम यायलाच हवं आणि त्याच्या कमरेचाही विचार व्हायला हवा. बाबांना उचलणारी आई सत्तरीची असेल तर मुलाने किंवा सुनेने शेजारच्या केबिनमध्ये राहावं, तीन मजले वरच्या नाही.

जहाज डोलत असताना

केबिन निवडतानाच जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यांवरची घेतली तर डोलणं कमी. अलास्काच्या इनसाइड पॅसेजमध्ये बेटांच्या आडोशाने पाणी बहुतेक शांत असतं, म्हणून पहिल्या क्रूझसाठी हा मार्ग बरा. पण सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने उघड्या समुद्रातून जातात, तिथे एखादी रात्र हलती असू शकते.

सरकण्याची पद्धत घरचीच ठेवा, फक्त सावकाश. खुर्ची पलंगाला तीसेक अंशांच्या कोनात, ब्रेक लावलेले, पुढची लहान चाकं पुढच्या दिशेला वळवलेली, फूटरेस्ट बाजूला, पलंगाकडचा हातटेका काढलेला. पलंगावरची सजावटीची पट्टी आणि सुळसुळीत पांघरूण आधी पूर्ण बाजूला काढा. जहाज एका बाजूला कललं की थांबा, मधोमध येऊ द्या, मग हला. कलण्याला एक लय असते, दोन-चार वेळा नुसतं बसून ती अंगात भिनू द्यावी. आधार देणाऱ्याने काखेत हात घालून ओढू नये. अर्धांगवायूच्या बाजूचा खांदा अशाने निखळतो. कमरेचा ट्रान्सफर बेल्ट दीड-दोन हजारांत मिळतो, तो बॅगेत असू द्या.

झोपल्यावर कडेवरून घरंगळण्याची भीती असेल तर कडेच्या चादरीखाली लांब उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल खोचा. आणि रात्रीच्या फेरीचा हिशेब आधी करा: संडासाची सीट १७ ते १९ इंचांवर, पलंग २४ वर. अर्धवट झोपेत सगळ्यात खालच्या जागेवरून सगळ्यात वरच्या जागेवर यायचं असतं. ज्यांची खरोखर अडचण आहे त्यांनी रात्रीपुरतं युरिनल पलंगाशीच ठेवावं, त्यात कमीपणा काही नाही. खुर्ची रात्रभर पलंगाशेजारी, ब्रेक लावून, ज्या कोनात हवी त्याच कोनात उभी असू द्या. स्कूटर चार्जिंगला लावून कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, ती आत येणार, तेव्हा तिची जागा पलंग आणि बाथरूम यांच्या वाटेत येणार नाही असं पहिल्याच दिवशी ठरवा.

उतरण्याच्या सकाळी

शेवटच्या दिवशी केबिन सकाळी आठच्या आसपास रिकामी करायला सांगतात, आणि घाई त्याच सकाळी होते. आदल्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसला सांगून व्हीलचेअर मदतीची वेळ घ्या, आणि ती वेळ होईपर्यंत केबिनमध्येच थांबू द्यावं अशी विनंती करा. सामान रात्रीच बाहेर देऊन टाकलेलं असतं, पण टेप, बेल्ट, बोर्ड आणि सकाळची औषधं हातातल्या पिशवीतच राहू द्या.